अंगठ्याखालची झीज

व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरवरील स्टिकला कोणी बोटही लावलेले नसता पडद्यावरचे पात्र आपण होऊन एका दिशेस चालू लागते, या विकारास खेळाडू ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. आणि हा खेळणाऱ्या मुलांच्या आडदांडपणाचा परिणाम आहे असा जो घरोघरचा समज, तो या साधनाचा पूर्वेतिहास पाहिला असता क्षणभरही टिकत नाही.

दांडीच्या बुडाशी परस्परांशी काटकोनात दोन पोटेन्शिओमीटर बसविलेले असतात, एक आडव्या हालचालीसाठी व दुसरा उभ्या. प्रत्येकात कार्बनचा लेप दिलेली कमानदार पट्टी असून तिच्यावरून धातूची बारीक जीभ घासत फिरते, आणि ती जेथे टेकेल त्या मानाने बाहेर पडणारा विद्युत्दाब कमीजास्त होतो. जुन्या रेडिओचा आवाज वाढविताना जी खरखर कानी पडे, तिचे मूळही बहुधा अशाच झिजलेल्या पट्टीत असे. स्प्रिंगच्या ओढीने जीभ पुनःपुन्हा मध्यावरच परतत असल्यामुळे झीजही तेथेच अधिक. आणि मध्य एकदा ढळला की हा फरक अंगठ्याने पाडला की झिजेने, हे ओळखण्याचे कोणतेही साधन कंट्रोलरपाशी नसते. मध्याभोवतीचा थोडा टापू हिशेबातच न धरण्याची तजवीज निर्माते करतात खरी, परंतु तिने दोष झाकला जातो, नाहीसा होत नाही. आल्प्स या जपानी कंपनीने आपल्या अशाच एका सुट्या भागाची आयुर्मर्यादा २० लाख आवर्तने म्हणून नमूद केली आहे. म्हणजे झीज ही निर्मात्यांच्या दप्तरी आधीपासूनच दाखल होती.

१९८२ साली अमेरिकेच्या अटारी कंपनीने ‘५२००’ या यंत्राबरोबर दिलेल्या जॉयस्टिकमध्ये पोटेन्शिओमीटरच होते, सोडलेली दांडी धड मध्यावर येत नसे, आणि नादुरुस्तीबद्दल तिची मोठी अपकीर्ती झाली. १९९६च्या निन्टेंडो ६४ मध्ये कार्बनऐवजी छिद्रांच्या चकत्या व प्रकाश यांची योजना होती. परंतु तेथे प्लास्टिकच प्लास्टिकवर घासून त्याची भुकटी होई व दांडी सैल पडे. ‘मारिओ पार्टी’ या खेळात तीच दांडी तळहाताने गरगर फिरविताना मुलांचे हात सोलवटू लागले, तेव्हा न्यूयॉर्क राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे फिर्यादी गेल्या, आणि २००० साली कंपनीस संरक्षक हातमोजे पुरविण्याचे कबूल करावे लागले.

मला सर्वांत खेदाची वाटते ती गोष्ट वेगळीच. एडविन हॉल यांनी १८७९ साली शोधलेल्या चुंबकीय परिणामाचा आश्रय घेऊन सेगा कंपनीने १९९६ साली सॅटर्नच्या नव्या कंट्रोलरमध्ये, आणि पुढे १९९८च्या ड्रीमकास्टमध्ये, स्पर्शावाचून स्थान मोजणारी स्टिक सिद्ध केली होती. जेथे घर्षण नाही तेथे मोजणाऱ्या भागाची झीज कशी व्हावी? पण २००१ साली सेगाने यंत्रनिर्मितीतून अंग काढून घेतले, सोनीने १९९७ पासून रूढ केलेली कार्बनची आटोपशीर स्टिक सर्वमान्य ठरली, आणि हाताशी आलेला उपाय दोन दशके बाजूस पडला.

२०१७ साली आलेल्या निन्टेंडो स्विचच्या जॉय-कॉनमध्ये रचना चपटी झाली, तरी कार्बन व धातू यांचे घर्षण कायमच राहिले. २०१९ साली अमेरिकेत सामुदायिक दावा दाखल झाला, २०२० साली अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी दिलगिरी व्यक्त केली, आणि २०२३ साली युरोपात हमीची मुदत उलटलेल्या जॉय-कॉनचीही या दोषापुरती दुरुस्ती विनामूल्य करून देण्याचे जाहीर झाले.

या सर्व काळात खेळ चालू ठेवला तो दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांनी. आयसोप्रोपिल अल्कोहोलचे चार थेंब सोडून कार्बनची धूळ धुणे हा त्यांचा पहिला उपचार, पण त्याचा गुण थोडे दिवसच टिकतो, कारण उडालेला लेप धुण्याने परत येत नाही. खरी दुरुस्ती करावयाची तर प्लेस्टेशनच्या कंट्रोलरमध्ये १४ ठिकाणचा डाख वितळवून, पाटीवरील तांब्याच्या नाजूक कड्या उखडू न देता, संपूर्ण भाग बदलावा लागतो व नवा मध्य यंत्रास पुन्हा शिकवावा लागतो. अलीकडे या कारागिरांच्या पेटीत चुंबकीय सुटे भाग आले आहेत, आणि सेगाने सोडून दिलेले तत्त्व त्यांच्याच हातून जुन्या कंट्रोलरांत पुन्हा बसविले जात आहे. सोनीने २०२३ साली ‘ड्युअलसेन्स एज’ या महाग कंट्रोलरात ग्राहकाने स्वतःच, डाख न वितळविता, स्टिक बदलावी अशी सोय केली. साध्या ड्युअलसेन्सच्या मालकाच्या वाट्यास मात्र ती आलेली नाही.