आठशे कलांचा हिशेब

संकष्टीला सांगलीच्या गणपती मंदिरात जमलेल्या गर्दीत फार थोड्यांच्या ध्यानात येत असेल की आपला उपवास एका कोनाचा आहे. चंद्र सूर्याच्या २१६ अंश पुढे गेला की वद्य चतुर्थी लागते, २२८ अंश झाले की संपते. प्रत्येक तिथी बारा अंशांची, करण तिच्या निम्मं. नक्षत्र म्हणजे चंद्राच्या वाटेचा १३ अंश २० कलांचा तुकडा; कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. योगासाठी सूर्य आणि चंद्र यांच्या भोगांची, म्हणजे राशिचक्रावरच्या स्थानांची, बेरीज करून तीही याच मापाने कापतात. वार वगळला तर पंचांगाची चारही अंगं कोनांचीच. कंपासपेटीतला कोनमापक हाती येण्याआधीच वर्तुळाचे ३६० भाग मराठी घरात खिळ्याला टांगलेले असतात.

हे ३६० आले कुठून? नेहमीचं उत्तर बॅबिलोनचं. तिथली मोजणी साठाच्या पटीत चाले आणि इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या सुमारास तिथल्या ज्योतिषांनी राशिचक्राचे बारा गुणिले तीस भाग केले. पुढे ग्रीकांनी ते उचलले. पण बॅबिलोनला तरी तीसच का सुचले? ओटो नॉयगेबाउअर या इतिहासकाराने मूळ शोधलं ते रस्त्याच्या मापात: अंतर मोजायचं ‘बेरू’ हे एकक, त्याचे तीस भाग, आणि चालायला लागणाऱ्या वेळेने मोजलं तर बारा बेरूंचा एक अहोरात्र. दुसरा पक्ष म्हणतो, एवढं लांब जायचं कारण नाही. सूर्य रोज सरासरी ५९ कला ८ विकला सरकतो, म्हणजे जवळजवळ एक अंश, आणि तीस दिवसांचे बारा महिने हिशेबाला सोयीचे. हा दुसरा पक्षच अधिक पटतो. वर्ष ३६० दिवसांचं नाही हे बॅबिलोनच्या लोकांना ठाऊक होतं, हा आक्षेप खरा. पण हिशेबाचं वर्ष आणि आकाशातलं वर्ष वेगळं ठेवायला कोणाची हरकत असते?

तिसरा पक्ष आपल्याकडचा. ऋग्वेदात बारा आऱ्यांच्या आणि ३६० खुंट्यांच्या चाकाचं वर्णन आहे, तेव्हा अंश इथलेच, असं अभिमानाने सांगितलं जातं. इथे मात्र वेदांगज्योतिष आडवं येतं. त्यात आकाशाचे २७ नक्षत्रविभाग आहेत आणि प्रत्येकाचे १२४ अंश. म्हणजे पूर्ण चक्राचे ३३४८ भाग. वेदातले ३६० कोनाचे असते, तर वेदाच्याच अंगाने ते टाकून दिले नसते. त्या खुंट्या दिवसांच्या होत्या.

मग साठाची विभागणी बाहेरून आली, याची खूण जुन्या ग्रंथांतच आहे. वराहमिहिरासारखे ज्योतिषी अंशाच्या साठाव्या भागाला ‘कला’ म्हणतात, तसं ‘लिप्ता’ही म्हणतात. लिप्ता म्हणजे ग्रीक ‘लेप्टॉन’, बारीक तुकडा. शेजारी ‘केंद्र’ही आहे, तेही ग्रीक ‘केंट्रॉन’वरून आलेलं. शं. बा. दीक्षितांनी १८९६ च्या आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात या देवाणघेवाणीच्या वादाला पानंच्या पानं दिली आहेत.

पण उसनं आणलेलं माप इथे इतकं घट्ट का रुजलं? याचं कारण एका भागाकारात असावं. ३६० ला २७ ने भाग जात नाही; नक्षत्रं आणि अंश यांचं जमत नाही. वर्तुळाच्या कला करा, २१६०० होतात, आणि त्यांना २७ ने भागलं की नेमके ८०० येतात. नक्षत्राच्या एका चरणाला २०० कला. परदेशी बारा राशी आणि देशी सत्तावीस नक्षत्रं एका माळेत ओवणारा आकडा हाच. म्हणूनच इथल्या ज्योतिषाचा जीव अंशापेक्षा कलेत रमला. आर्यभटाने त्रिज्यासुद्धा कलांतच मोजली: परीघ २१६०० धरला की त्रिज्या ३४३८. त्याची ज्या-सारणी २२५ कलांच्या पायऱ्यांनी चढते. कोनाच्याच मापाने त्रिज्या मोजायची ही युक्ती आजच्या रेडियनच्या फार जवळची आहे.

तुकडे ठरले, पण शून्य कुठे ठेवायचं? कोनमापकाचं शून्य हवं तिथे ठेवता येतं, आकाशाचं नाही. नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या ग्रहलाघवात सोपी तोड काढली होती: शकातून ४४४ वजा करा, ६० ने भागा, अयनांश, म्हणजे वसंतसंपातापासून राशिचक्राच्या आरंभापर्यंतचं अंतर, हजर. म्हणजे वर्षाला एक कला. प्रत्यक्ष गती आहे सुमारे ५० विकला, त्यामुळे चूक साचत गेली. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी रेवतीचा एक मंद तारा आरंभाला धरला. व्यंकटेश बापूजी केतकर चित्रेच्या बाजूचे: चित्रा १८० अंशांवर ठेवा, शून्य आपोआप समोर येईल. रेवती धरली तर चित्रा सुमारे १८४ अंशांवर जाते. या चार अंशांसाठी मुंबईला १९०४ मध्ये, नंतर पुण्याला आणि मग सांगलीलाही ज्योतिषांची संमेलनं भरली. टिळक रेवतीकडे होते.

मेघनाद साहा यांच्या समितीने १९५५ च्या अहवालात चित्रेच्या बाजूने कौल दिला आणि २१ मार्च १९५६ साठी अयनांश २३ अंश १५ कला ठरवले. तरी वाद मिटलेला नाही. चित्रापक्षाच्या पंचांगांत मकर संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते, तर रेवतीपक्षाच्या टिळक पंचांगात चार दिवस आधी, १० तारखेच्या आसपास.