काळोख कुणाच्या डोळ्यात?

शाळेच्या पुस्तकातली आफ्रिका आठवा. सिंह, वाळवंट अन् हातात भाला घेतलेला उघडा माणूस. नाव काय, तर 'काळं खंड'. त्या चित्रात माणूस होता, पण त्याला आजा-पणजा नव्हता. ज्याला आजा-पणजा नाही, त्याची जमीन कुणाचीच नसते. ती बिनदिक्कत घेता येते. खरी गोम इथं आहे.

हे चित्र काढणारे अडाणी नव्हते. जर्मन तत्त्वज्ञ हेगेल १८२२ ते १८३१ या काळात विद्यापीठात शिकवत होता, की आफ्रिका जगाच्या इतिहासात मोडतच नाही. १९६३ साली ऑक्सफर्डचा प्राध्यापक ट्रेव्हर-रोपर म्हणाला, की आफ्रिकेत इतिहास आहे तो तिथल्या युरोपियनांचा, बाकी बहुतेक अंधार. माणूस चंद्रावर जायच्या तयारीत होता, तेव्हाची ही विद्वत्ता.

आधी आकार ध्यानात घ्या. आफ्रिका भारताच्या नऊपट मोठी. संयुक्त राष्ट्रांत तिचे ५४ देश. भाषा २,००० च्या आसपास. उत्तरेला अमाझिग अन् अरब. इथिओपियात अम्हारा अन् ओरोमो. नायजेरियात हौसा, योरुबा, इग्बो. पूर्वेच्या गवताळ रानात गुरं राखणारे मसाई, दक्षिणेला झुलू अन् शोना, कालाहारीत सान. कुणी मुसलमान, कुणी ख्रिस्ती, कुणी पूर्वज पुजणारे. इथिओपियातल्या अक्सूमचा राजा एझाना चौथ्या शतकातच ख्रिस्ती झाला. तिथल्याच लालिबेलात खडक वरून खाली कोरत अख्खी देवळं काढली, आपल्या वेरूळच्या कैलास लेण्यासारखी. तेव्हा 'आफ्रिकन माणूस' असा एकाच साच्यातून काढलेला माणूस कुठंच नाही.

आता खोटं कसं रचतात ते बघा. दक्षिणेत 'ग्रेट झिम्बाब्वे' म्हणून जुन्या शहराचे अवशेष आहेत. दगडावर दगड रचलेला, चुना न वापरलेला कोट. काही ठिकाणी उंची ११ मीटर. १८७१ साली कार्ल मौख हा जर्मन तिथं पोचला अन् म्हणाला, हे शेबाच्या राणीचं काम. काळ्यांना एवढी अक्कल कुठली! १९०५ साली रँडल-मॅकायव्हरनं अन् १९२९ साली गर्ट्रूड केटन-थॉम्पसन या बाईनं जमीन खणून सांगितलं, की हे इथल्याच लोकांचं काम. आज आपण जाणतो, की शोनांच्या पूर्वजांनी ते अकराव्या ते पंधराव्या शतकात बांधलं. तिथं चिनी भांड्यांचे तुकडे सापडले, भारताकडचे काचमणी सापडले. म्हणजे समुद्रापलीकडे त्यांचा व्यापार होता.

तरी गोऱ्यांच्या ऱ्होडेशियात हे सत्य पचेना. सरकारी माहितीत ठामपणे तसं लिहू नये म्हणून दबाव होता. पीटर गारलेक या संशोधकाला १९७० साली देश सोडावा लागला. दगड सरकारचं काय वाकडं करणार होते? पण तो कोट काळ्यांनी बांधला असं मान्य केलं, की 'तुम्हाला राज्य करता येत नाही' हे म्हणायला तोंड उरत नव्हतं. १९८० साली देश स्वतंत्र झाला अन् लोकांनी त्या दगडी शहराचंच नाव देशाला दिलं.

कुणी म्हणेल, लिहिलेलं कुठंय? पश्चिमेकडे ग्रिओ आहेत. पिढ्यान्‌पिढ्या राजांच्या वंशावळ्या अन् लढाया तोंडपाठ ठेवणारे गाणारे लोक. तेराव्या शतकातल्या मालीच्या सुंदियाताची कथा त्यांच्याच गळ्यात टिकली. अन् लिहिलेलंही होतं. टिंबक्टूत हस्तलिखितांचे ढीग होते. २०१२ साली शहर हत्यारबंद टोळ्यांच्या हाती गेलं, तेव्हा साध्या माणसांनी ती पोथ्यापुस्तकं लोखंडी पेट्यांत घालून गुपचूप बामाकोला नेली. ज्यांना इतिहास नाही म्हणे, त्यांनी जिवावर उदार होऊन तो वाचवला!

आपण सूत-कापडातले, तर हेही ऐका. १५०१ ते १८६६ या काळात सुमारे १ कोटी २५ लाख माणसं अटलांटिकच्या जहाजांत कोंबली गेली. सुमारे १८ लाख वाटेतच मेली. त्यांच्या बदल्यात जो माल किनाऱ्यावर दिला जाई, त्यात हिंदुस्थानी कापड मोठ्या प्रमाणावर असे. पुढं अमेरिकेत गुलामांनी वेचलेल्या कापसावर लँकेशायरच्या गिरण्या चालल्या. पुढं १८८४-८५ साली बर्लिनला परिषद भरली. खंड वाटून घेण्याचे नियम तिथं ठरले. टेबलाभोवती आफ्रिकेचा एकही माणूस नव्हता.

पण दोस्तहो, राजांच्या सोन्यानं दिपून जाऊ नका. जहाजांवर माणसं विकणाऱ्यांत तिथले राजे अन् व्यापारीही होते. इग्बो समाजात 'ओसू' म्हणून लोक आहेत. त्यांचे पूर्वज देवाला वाहिलेले. त्यांच्याशी लग्न नाही, बरोबरीचं नातं नाही, वस्ती वेगळी. १९५६ साली पूर्व नायजेरियात कायद्यानं ही प्रथा बंद झाली, पण लग्न ठरवताना आजही ती आडवी येते. मॉरिटानियानं गुलामी १९८१ साली रद्द केली अन् तिला गुन्हा ठरवायला २००७ उजाडलं. गोऱ्याचं खोटं खोडताना या माणसांना विसरलो, तर आपण फक्त सिंहासनावरचा माणूस बदलला. सिंहासन तसंच राहिलं.

अन् हे खंड आपल्यापासून दूर नाही. १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला एक पोरगा गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात विकत दख्खनला आला अन् निजामशाहीचा कारभारी झाला. तो मलिक अंबर. १६१० साली त्यानं खडकी शहर वसवलं. तेच पुढं औरंगाबाद झालं, आज छत्रपती संभाजीनगर. त्याच शहरात १९५० साली बाबासाहेबांनी मिलिंद कॉलेज काढलं.

पुढच्या अभ्यासवर्गात भिंतीवर आफ्रिकेचा नकाशा लावा. सरळ पट्टीनं मारलेल्या सरहद्दी बोटानं दाखवा अन् पोरांना विचारा, ही रेघ कुणी ओढली, अन् तेव्हा इथं कोण राहत होतं? वाचन तिथून सुरू करा.