चिकित्सा-मानसशास्त्राचा व्यवसाय आणि मराठवाडा : एक ऐतिहासिक टिपण

पदव्युत्तर वर्गातील एखादा विद्यार्थी चिकित्सा-मानसशास्त्राचा व्यवसाय पत्करावयाचे ठरवितो, तेव्हा त्याची आवड व अभिक्षमता यांचीच चर्चा होते. परंतु या व्यवसायाचा महाराष्ट्रातील इतिहास पाहू जाता, शिक्षणाचे दार कोठे उघडले हा प्रश्न आवडीच्या आधीचा ठरतो. सेनगाव तालुक्यातील साखरा या गावचा विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवला म्हणजे हे विशेष जाणवते.

मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय स्थापन झाले व १९३७ मध्ये त्याने बालमार्गदर्शन केंद्र काढले. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ व समाजकार्यकर्ता यांनी मिळून एका मुलाचा विचार करावा, ही अमेरिकेतील पद्धती तेथे आली. या त्रयीत मानसशास्त्रज्ञाच्या वाट्याला मुख्यतः मापनाचे काम येई. उपचार हे वैद्यकाचे क्षेत्र मानले जाई. आणि मापनासाठी तरी साधन हवेच. बिने कसोटीचे मराठी व कन्नड मुलांसाठी केलेले व्ही. व्ही. कामत यांचे संस्करण १९४० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. मराठीतून मानसिक परीक्षा घेणे त्यामुळे सुकर झाले. या कार्याची आपल्याकडे व्हावी तितकी आठवण ठेवली गेलेली नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

साखरा त्या काळी निजामाच्या राज्यात होते. तेथील मराठी मुलास राज्यातच उच्च शिक्षण घ्यावयाचे तर हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ होते व तेथील माध्यम उर्दू होते. कामतांची मराठी कसोटी इलाख्याच्या सरहद्दीपलीकडे होती. मराठवाड्याचे स्वतःचे विद्यापीठ १९५८ साली निघाले.

पुणे विद्यापीठात १९५० मध्ये मानसशास्त्र विभाग सुरू झाला तो ‘प्रायोगिक’ या विशेषणासह. प्रयोगशाळेची शिस्त त्याने दिली, हे मोठेच काम होय. तथापि रुग्णाच्या खाटेपाशी बसून घ्यावयाचे शिक्षण प्रयोगशाळेत मिळत नाही. ते बंगलोर येथे १९५४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत पदविकेच्या रूपाने १९५५ पासून मिळू लागले. रांचीजवळील कांके येथे तशी सोय १९६२ मध्ये झाली. ज्यांना इतके दूर जाणे परवडले नाही त्यांच्यापुढे अध्यापन, व्यवसाय-मार्गदर्शन, कारखान्यांतील निवड-चाचण्या असे मार्ग उरले. त्यांना ‘आवड’ म्हणावे काय?

पुढे कायद्याने हे दार अधिक नेमके केले. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या अधिनियमाने चिकित्सा-मानसशास्त्रज्ञास नोंदणी आवश्यक झाली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने व्याख्या दिली : परिषदेने मान्य केलेली अर्हता, किंवा मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी व त्यानंतर देखरेखीखालील रुग्णसेवेसह दोन वर्षांचा पूर्णवेळ एम. फिल. अभ्यासक्रम. नुसत्या एम. ए. पदवीवर हे नाव लावता येत नाही. ही कडक अट योग्यच आहे, कारण अपुऱ्या शिक्षणाची किंमत रुग्णास मोजावी लागते. परंतु देखरेखीखालील शिक्षणास रुग्णालय लागते, आणि राज्याची चार जुनी मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्यात त्यांपैकी एकही नाही.

उलट गरज मात्र येथे सरकारनेच मान्य केली आहे. १९९६ साली सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाचे पद धरलेले आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २०१५ साली राज्याने ‘प्रेरणा’ प्रकल्प हाती घेतला. त्याच्या चौदा जिल्ह्यांत १९९९ साली परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हाही होता. गावातील आशा कार्यकर्तीने घरोघर जाऊन निराशेची लक्षणे विचारावीत व गरजूस पुढे पाठवावे, अशी त्याची योजना होती. पुढे कोणाकडे, हा प्रश्न आपल्या विषयाचा आहे. तेथे बसणाऱ्या माणसास सोयाबीन, सावकार आणि मुलीचे लग्न यांविषयीचे बोलणे त्या बोलीतच समजले पाहिजे. साखऱ्याच्या मुलाला अगर मुलीला ते शिकवावे लागणार नाही. त्यांना शिकावयाचे आहे ते अन्य सर्व, आणि त्यासाठी अद्याप घर सोडावे लागते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एम. फिल. पदवी बंद केली. या विषयापुरती तिला २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून दिली. तेव्हा प्रवेश घेण्यापूर्वी आपला अभ्यासक्रम पुनर्वास परिषदेच्या मान्य यादीत आहे की नाही, एवढे विद्यार्थ्याने स्वतः पाहावे. मार्गदर्शकानेही पाहावे.