निलगिरी पर्वत : पक्षिसमूहातील बदल

तमिळनाडूच्या पश्चिम टोकाचे पर्वतपठार, सर्वोच्च शिखर दोड्डबेट्टा (2,637 मी.). घळींत शोला, म्हणजे बुटके सदाहरित जंगल, आणि उतारांवर गवताळ माळ अशी येथील मूळ रचना. निलगिरी शोलाकिली व काळा-नारिंगी माशीमार हे जंगलाचे पक्षी. निलगिरी तिरचिमणी माळाची.

पुरावे : संग्राहक विल्यम डेव्हिसन यांनी पक्षितज्ज्ञ ए. ओ. ह्यूम यांच्यासाठी या भागात पक्षी जमवले. ह्यूम यांचा संग्रह 1885 मध्ये ब्रिटिश म्युझियमला मिळाला. तो आता इंग्लंडमध्ये ट्रिंग येथे आहे. अशा संग्रहांतील नमुन्याच्या पायाला चिठ्ठी बांधलेली असते आणि तीवर ठिकाण व तारीख असते. या नोंदी आजच्या गणनांशी आणि या पर्वताचा 1848 चा नकाशा उपग्रहचित्रांशी ताडून पाहता माळ सुमारे 80 टक्के घटलेला दिसतो. माळावरचे बहुतेक पक्षी विरळ झाले. जंगलातील पक्ष्यांपैकी निम्म्याच्या आसपास बऱ्यापैकी टिकून आहेत. संग्राहक दुर्मिळ पक्ष्यांच्या मागे अधिक लागत असल्याने हे प्रमाण सापेक्षच मानावे.

कारणे : चहाचे मळे, बटाट्याची शेती, पण विशेषतः वृक्षलागवड. माळ म्हणजे पडीक जमीन असे धरून सरपण, टॅनिन आणि कागदाच्या लगद्यासाठी तेथे युकॅलिप्टस, वॅटल व पाइन लावले गेले. तिरचिमणी गवताच्या झुबक्यांतून चालत किडे टिपते. दाट वॅटलखाली गवतच उरत नाही. वॅटल आपोआप पसरतो, त्यामुळे लागवड थांबवल्याने माळ परत येत नाही. तमिळनाडूतीलच पळणी टेकड्यांत 1973 ते 2014 या काळात दोन-तृतीयांश माळ गेला. ‘हरित’ म्हणून मिरवलेल्या लागवडीने केलेले हे नुकसान जंगलतोडीइतकेच गंभीर आहे.

हवामान : तापमान वाढल्यास माथ्यावरील पक्ष्यांना आणखी वर सरकण्यास जागा नाही.

इतरत्र : बंगळुरूच्या निरीक्षकांना जवळचे ठिकाण म्हणजे नंदी टेकडी (1,478 मी.). तेथेही निलगिरी रानपारवा आढळतो; खडकाळ झुडुपांत पिवळ्या कंठाचा बुलबुल. या रानपारव्याचे वर्णन कर्नल साइक्स यांनी 1832 मध्ये दख्खनच्या पक्ष्यांच्या यादीत केले व त्याला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे नाव दिले. महाराष्ट्राच्या सह्याद्रीतही त्याची नोंद आहे.