सरकी घरातून गेली तेव्हापासून

माझ्या आजोबांच्या काळी आमच्या सेनगाव तालुक्यात सरकी विकत आणायची वस्तू नव्हती. चांगल्या वेचणीच्या कापसातली निवडक सरकी घरातच राखून ठेवायची. मिरगाच्या आधी तिला शेणमातीचा काला चोळायचा, म्हणजे दाणा दाण्याला चिकटत नाही आणि चाड्यातून सुटा पडतो. ही गावरानी पऱ्हाटी. तिचं बोंड लहान, पण ती कमी पावसात तग धरायची.

आमचा हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. कापसाच्या संशोधनाशी मात्र या मुलखाचं नातं त्याहून फार जुनं आहे. बद्रीनारायण बारवाले मूळचे हिंगोलीचे. त्यांनी 1964 मध्ये जालन्याला महिको ही बियाणे कंपनी काढली. पुढे नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा एनएचएच-44 हा संकरित वाण आला आणि गावोगाव पसरला. संकरिताची सरकी राखून पेरली तर पुढच्या वर्षी तसंच पीक येत नाही. त्यामुळे दरवर्षी पिशवी विकत घेणं आलं. उत्पन्न वाढलं, पण घरातली सरकी संपली आणि बियाण्याची पारख दुकानावर सोपवली गेली.

1990 नंतरच्या दशकात हिरव्या बोंडअळीनं कहर केला. औषधं बदलली, फवारण्या वाढल्या, तरी अळी मरेना. त्याच सुमारास बीटीची चर्चा सुरू झाली. बीटी म्हणजे मातीतला एक जीवाणू, बॅसिलस थुरिंजिएन्सिस. त्याचं जनुक कापसात घातलं की झाडच एक प्रथिन तयार करतं, आणि ते खाल्लेली अळी मरते. महिकोनं अमेरिकेच्या मोन्सँटोबरोबर हे बियाणं आणलं.

एका जीवाचं जनुक दुसऱ्यात घालण्याचं हे संशोधन करावंच का, हा प्रश्न आपल्या आधी खुद्द शास्त्रज्ञांनी विचारला होता. 1974 मध्ये पॉल बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे काही प्रयोग थांबवण्याचं आवाहन केलं. फेब्रुवारी 1975 मध्ये कॅलिफोर्नियात असिलोमारला ते जमले. जितका धोका तितका कडक बंदोबस्त, असे नियम त्यांनी बांधले आणि काम पुन्हा सुरू झालं. आपल्या देशात असे नियम 1989 मध्ये झाले.

शेतकऱ्यांची भीती मला कधीच खोटी वाटली नाही. औषध चुकलं तर दुकानातून परत घेता येतं. वाऱ्यावर उडालेला पराग परत आणता येत नाही. 1998 मध्ये कर्नाटकात नंजुंडस्वामींच्या रयत संघानं चाचणीचे प्लॉट जाळले, त्यामागे हीच भीती होती. पण प्लॉट जाळल्यानं उत्तर मिळालं नाही. 2001 मध्ये गुजरातेत नवभारत 151 हे बियाणं परवानगीशिवायच शेतात सापडलं. 26 मार्च 2002 रोजी केंद्र सरकारच्या समितीनं महिकोच्या तीन वाणांना मंजुरी दिली. काही वर्षांत देशातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त कापसावर बीटी आलं.

सगळ्यात मोठी हेळसांड झाली ती यानंतर. 450 ग्रॅमच्या पिशवीसोबत 120 ग्रॅमची साध्या सरकीची छोटी पिशवी यायची. तिला आमच्याकडे रेफ्युजी म्हणतात. ती कडेनं लावायची. तिच्यावर जगलेले पतंग बीटीवर टिकलेल्या पतंगांशी जुळतात आणि पुढची अळी बीटीला दाद देते, पचवून टिकत नाही, हा त्यामागचा हिशेब. बऱ्याच शेतांत ती छोटी पिशवी टोबलीच गेली नाही. त्यात आपण फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभ्या पऱ्हाटीचं पीक, घेत राहिलो. गुलाबी बोंडअळी कापसावरच पोसणारी, तिला बारा महिने घर मिळालं. 2010 मध्ये मोन्सँटोनं गुजरातेत ही अळी पहिल्या पिढीच्या बीटीला सरावल्याचं मान्य केलं. 2006 पासून आलेली दोन जनुकांची दुसरी पिढीही पुढे तिच्यापुढे टिकली नाही.

2017 च्या हंगामात माझ्याच रानात फुलं उमललीच नाहीत, त्यांच्या डोमकळ्या झाल्या. बोंडं वरून निरोगी दिसायची, फोडली की आत कवडी. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. आणि पुढच्याच वर्षी, 2018 मध्ये, अमेरिकेनं आपल्या कापूसपट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं. त्यांच्याकडेही बीटीच होतं. पण जोडीला आधी रेफ्युजीची शिस्त होती, पुढे तिच्या जागी नपुंसक पतंग सोडले गेले आणि दरवर्षीची मोजणी चुकत नव्हती.

इकडे 9 फेब्रुवारी 2010 रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी बीटी वांगं थांबवलं. नव्या वाणांच्या शेतातल्या चाचण्यांनाही अडथळे आले. त्यानं धोका थांबला का? तणनाशकाला न जुमानणारं एचटीबीटी बियाणं मंजुरीविना मराठवाडा-विदर्भात आलं. जून 2019 मध्ये अकोल्याच्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेच्या लोकांनी ते जाहीरपणे पेरलं. चाचणी रखडली, पेरा मात्र झाला. कोणाच्या शेतात किती, शेजारच्या पिकावर काय परिणाम, याची नोंद कुठेच नाही.

म्हणून संशोधन धोकादायक आहे का, असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: निकालावर लक्ष कोणाचं आहे? उघड्यावर, नोंद ठेवून, मागे घेण्याची सोय ठेवून झालेली चाचणी मला भीतीची वाटत नाही. बियाणं विकलं की अभ्यास संपला, आणि पारख विकणाऱ्याच्याच हाती, ही व्यवस्था धोक्याची. आम्ही ती पंधरा वर्षं सोसली.

नांदेडच्या केंद्रानं आता बीटीचे सरळ वाण दिले आहेत, त्यांची सरकी पुन्हा घरी राखता येते. हे काम सरकारी पैशानं वीस वर्षं आधी व्हायला हवं होतं. ते वाण तरी एकटे सोडू नयेत. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की उपाय सुरू करा, असं परभणीचं कृषी विद्यापीठ सांगतं. मग प्रत्येक गावात सापळे लावा, रोजचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा आणि त्या विद्यापीठाला कळवा. नव्या वाणाची मंजुरी दर पाच वर्षांनी या आकड्यांवर तपासा, आणि आकडे बिघडले तर ती रद्द करण्याची हिंमत ठेवा.