पेव आणि मुरघास

सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या जुन्या घराच्या अंगणात एक पेव होते. जमिनीत खोल खड्डा, बाजूंना कडब्याचे अस्तर, आत ज्वारी आणि तोंडावर फरशी ठेवून वरून माती लिंपलेली. पेव उघडले की अब्बा आम्हा पोरांना दूर उभे करीत. आधी दोरीने कंदील आत सोडायचा. तो विझला नाही तरच माणसाने उतरायचे.

1972 च्या दुष्काळात हे पेव रिते झाले. मी तेव्हा दोन वर्षांचा. अम्मी सांगायची, "आपल्याला कामावर सुकडी तरी मिळायची. गाईला काय घालणार?" कडबा संपला आणि अब्बांनी दावणीची गाय बाजारात नेली. किती रुपये आले, ते त्यांनी कधीच सांगितले नाही.

धान्य साठवायच्या अशाच खड्ड्याला स्पेनमध्ये 'सिलो' म्हणत. 'सायलेज' हा शब्द त्यावरूनच आला. आपण त्याला मुरघास म्हणतो. फ्रान्समधल्या ऑग्युस्त गोफार यांनी हिरवा मका असा बंद करून टिकवण्याचे प्रयोग अनेक वर्षे केले आणि 1877 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. पुढे फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ आर्तुरी विर्तानेन यांनी दाखवून दिले, की हिरव्या चाऱ्यात पातळ आम्ल मिसळले तर तो कुजत नाही. लांबलचक हिवाळ्याच्या त्या देशात गाईंची सोय झाली आणि 1945 चे रसायनशास्त्राचे नोबेल विर्तानेन यांना मिळाले. गाईच्या वैरणीसाठी नोबेल!

आपल्याकडे आम्लही लागत नाही. हिरव्या चाऱ्याची कुट्टी करायची, खड्ड्यात तुडवून हवा काढायची आणि वर प्लॅस्टिक अंथरून ते मातीने दाबायचे. हवा नसली की चाऱ्यातल्या साखरेचे लॅक्टिक आम्ल होते. दह्यात होते तेच. साधारण 45 दिवसांत मुरघास तयार. कणसे खुडून घेतलेला हिरवा मका चालतो, उसाचे वाढेही चालतात. मात्र नुसत्या वाढ्यांवर गाय ठेवू नये. त्यातले ऑक्झॅलेट तिच्या अंगातले कॅल्शियम बांधून टाकते. जोडीला दुसरी वैरण आणि खनिज मिश्रण हवेच.

2013 साली एका चारा छावणीत गेलो होतो. जनावरांपुढे वाढेच पडले होते, लांबून ट्रकने आणलेले. दावणीला म्हातारी माणसे बसून होती. ऐन हंगामात हेच वाढे फडाच्या कडेला वाळून जाताना मी पाहिले आहेत. माणसाच्या धान्यासाठी आपण पिढ्यान्‌पिढ्या पेवे खणली. गाईच्या वैरणीसाठी तसाच खड्डा खणावा, हे आमच्या गावात कुणाला सुचले नाही. म्हणून दुष्काळात घरातून पहिली बाहेर पडली ती गाय.

आता माझा भाचा चार गाई सांभाळतो. गोड मक्याची कणसे विकून झाली की उरलेल्या ताटांचा तो मुरघास करतो. गेल्या उन्हाळ्यात त्याने खड्डा उघडला तेव्हा मी तिथे होतो. "मामू, वास घ्या," तो म्हणाला. आंबूस, गोडसर वास होता. गाई दावे ताणून उभ्या राहिल्या.

अब्बा असते, तर त्यांनी आधी कंदील सोडून पाहिला असता.