मुलामा

जुन्या सायकलची फ्रेम साफ करायला घेतलीय असं कुणाला सांगितलं की पहिला सल्ला ठरलेला. "त्यापेक्षा परत क्रोम करून घे ना, नव्यासारखी दिसेल!" मला आतापर्यंत तिघांनी हेच सांगितलं, त्यातल्या दोघांनी पुण्याहून, फोनवर, सायकल न बघता. (दोघेही हा ब्लॉग वाचतात. नमस्कार!) सगळ्यांना एकदाच उत्तर देतो, पण त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

सायकल आहे श्विनची पॅरामाउंट, सत्तरच्या दशकातली. श्विन म्हणजे आपल्याकडे एके काळी ॲटलास-हर्क्युलस होत्या तशी इथली घरोघरची सायकल. इग्नाझ श्विन नावाच्या जर्मन माणसाने १८९५ साली भागीदाराबरोबर शिकागोत कंपनी काढली. साध्या श्विन मजबूत आणि जड. पण १९३८ पासून त्यांनी शर्यतीची एक वेगळी सायकल काढली, ती पॅरामाउंट. तिचे नळे इंग्लंडहून यायचे, बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सचे, '५३१' नावाच्या पोलादाचे. मधल्या भागात हे नळे जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जाड असतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. नळे हाताने जोडायचे आणि गिऱ्हाइकाला हवं असेल तर रंग न लावता सगळ्या फ्रेमला क्रोमचा मुलामा द्यायचे. माझ्याकडची तसली आहे. म्हणजे होती, आता अंगभर तांबूस ठिपके आहेत, गोवर आल्यासारखे.

आता गंमत अशी की आपण ज्याला क्रोम म्हणतो, ते बहुतांशी क्रोम नसतंच. पोलादावर आधी निकेलचा थर असतो, साधारण १० ते ३० मायक्रॉन. त्याच्यावर क्रोमियम, फक्त पाव ते अर्धा मायक्रॉन! माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, यावरून अंदाज करा. गंजापासून खरं रक्षण निकेल करतं. क्रोमचं काम निकेलला काळवंडू न देण्याचं, आणि तो निळसर थंड चकाकी देतो. आपल्या पातेल्याच्या कल्हईसारखंच म्हणा ना. फरक इतकाच की कल्हई गेली तर कल्हईवाला दारात यायचा आणि अर्ध्या तासात पातेलं परत पांढरं. क्रोमचं तसं नाही.

क्रोमियम सापडलं १७९७ मध्ये. लुई व्होकलां या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला सैबेरियातून आलेल्या लालभडक खनिजात ते दिसलं. त्याची संयुगं इतक्या रंगांची की नावही ग्रीक भाषेतल्या रंगाच्या शब्दावरून पडलं. पण त्याचा भरवशाचा मुलामा द्यायला जमायला सव्वाशे वर्षं गेली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक यांनी १९२० च्या दशकात ते जमवलं. युक्ती म्हटली तर साधी होती, क्रोमिक ॲसिडच्या द्रावणात शंभराला एक या प्रमाणात सल्फेट ठेवायचं.

त्याआधीच्या सायकलींवर नुसतं निकेल असायचं. निकेलला किंचित पिवळट, ऊबदार छटा असते. मला विचाराल तर तीच जास्त सुंदर. पण त्याला सतत पुसत बसावं लागतं. क्रोमला नाही लागत, कारण हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा तयार होतो आणि तो पापुद्राच त्याला सांभाळतो. तिसाच्या दशकात बघता बघता सायकल, मोटार, नळाची तोटी, सगळ्यांवर क्रोम चढला.

मग युद्ध आलं. निकेल आणि क्रोमियम दोन्ही शस्त्रांच्या पोलादाला हवे. १९४२ मध्ये अमेरिकेत सायकलवरचा चकचकाट बंद झाला. 'व्हिक्टरी' नावाची साधी, रंग फासलेली सायकल आली, तीही फक्त मोठ्यांसाठी. लिऑन हेंडरसन या बड्या सरकारी अधिकाऱ्याचा ती चालवतानाचा त्या वर्षीच्या जानेवारीतला फोटो आहे, बघण्यासारखा! युद्ध संपल्यावर चमकेची भूक किती साठली असेल ते पन्नास-साठच्या दशकातल्या गाड्यांचे बंपर बघून कळतं.

आता साफसफाईकडे. क्रोमच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा आणि छिद्रं असतात. निकेलमध्येही कुठे छिद्र राहिलं की पाणी थेट पोलादापर्यंत पोचतं, आणि गंज आतून वर येऊन पसरतो. म्हणजे वरून जो मोठा डाग दिसतो तो बरेचदा चांगल्या क्रोमवर नुसता सांडलेला असतो, मूळ भोक टाचणीच्या टोकाएवढं. पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियमचा कागद घ्यायचा, चुरगाळायचा, पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासायचं. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा पुष्कळ मऊ, त्यामुळे क्रोमला ओरखडा पडत नाही. पाच मिनिटांत काळपट राड येते आणि ती पुसली की खाली लख्ख! मला हा प्रकार इतका आवडला की एका रविवारी जेवायला हाका मारून घरचे कंटाळले.

मात्र जिथे क्रोम उडून पिवळट निकेल उघडं पडलंय, तिथे हा कागदही नको. तिथे फडकं आणि शिलाई मशीनचं तेल, बस. राख, विटेची भुकटी, भांड्यांची तारेची घासणी हे कुठेच नको. आणि संडास साफ करायचं ॲसिड तर चुकूनही नको. हायड्रोक्लोरिक ॲसिड क्रोमियमला खातं. जुना क्रोम उतरवायला मुलामेवाले तेच तर वापरतात. शेवटी फ्रेम पूर्ण कोरडी करून मोटारीला लावतात ते मेण. भोकं बुजत नाहीत, पण त्यांच्यात पाणी शिरत नाही.

तर मग, परत क्रोम का नको?

एक तर, मुलामा द्यायच्या आधी जुना क्रोम उतरवतात, निकेल उतरवतात, आणि मग गंजाचे खड्डे जाईपर्यंत पोलाद घासतात. मुलामा खड्डे झाकत नाही, उलट उठून दाखवतो. म्हणजे आधीच अर्धा-पाऊण मिलिमीटरचा नळा आणखी पातळ होणार. जोडांवरच्या नक्षीच्या कडा आणि कारखान्याने ठोकलेला नंबर बोथट होणार ते वेगळंच.

दुसरं जास्त महत्त्वाचं. क्रोमच्या टाकीत जी वीज सोडतात, तिच्यातली फक्त १० ते २० टक्के क्रोम चढवण्यात खर्च होते. बाकीची मुख्यतः हायड्रोजनचे बुडबुडे काढते. त्यातला थोडा हायड्रोजन पोलादात शिरतो आणि कडक पोलादाला ठिसूळ करू शकतो, म्हणून नंतर ते भट्टीत तासन् तास तापवायला हवं. उरलेले बुडबुडे वर येऊन फुटतात आणि क्रोमिक ॲसिडचे बारीक तुषार हवेत उडतात. टाकीशी उभे राहणारे कामगार तेच श्वासावाटे आत घेत. त्यांच्या नाकातल्या मधल्या पडद्याला भोक पडायचं, हातांवर न भरणारे व्रण व्हायचे. हे सहा-संयुजी क्रोमियम फुप्फुसाच्या कर्करोगाचंही कारण आहे. 'एरिन ब्रोकोविच' सिनेमातल्या गावाच्या पाण्यात होतं तेच. आणि हे फक्त परदेशातलं प्रकरण नाही. भारतातलं जवळजवळ सगळं क्रोमाइट ओडिशातल्या सुकिंदा खोऱ्यात आहे, आणि २००७ साली ते खोरं जगातल्या सर्वात प्रदूषित दहा जागांच्या यादीत होतं. युरोपात सप्टेंबर २०१७ पासून क्रोमिक ॲसिड वापरायला खास परवानगी लागते.

माझ्या फ्रेमवरचा क्रोमही असल्याच टाकीतून आलाय. कुणीतरी त्या टाकीपाशी उभं होतं. ते काम एकदा होऊन गेलंय. टिकण्यासारखं असताना ते खरवडून गटारात सोडायचं आणि आणखी कुणाला तरी तिथे उभं करायचं, केवळ चार ठिपक्यांसाठी? मला नाही पटत. (आता छोट्या दुकानांत काळजी घेत असतील, घ्यायलाच हवी. पण मग ते खर्च वाचवणारं "पटकन करून घे" राहत नाही.)

श्विनने शिकागोचा कारखाना १९८३ मध्ये बंद केला, १९९२ मध्ये दिवाळं निघालं. पॅरामाउंट तोवर विस्कॉन्सिनमधल्या वॉटरफर्डला बनत होती. ते वर्कशॉप घराण्यातल्याच रिचर्ड श्विननी १९९३ मध्ये भागीदाराबरोबर विकत घेऊन स्वतःच्या फ्रेमी बनवल्या. २०२३ मध्ये तेही थांबलं.

फ्रेम आता नव्वद टक्के लख्ख आहे. पॅडलचा आस बसतो त्या नळ्याखाली खड्डे आहेत ते राहतील. मागच्या उजव्या दांड्यावर चेन आपटून आपटून क्रोम गेलाय, तिथे वीतभर निकेल दिसतं. त्याच्यावर नुसता तेलाचा बोळा फिरवतो. हिवाळा आला की इथे बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्याआधी मेणाचा आणखी एक हात द्यायचा आहे.